तुझा सांगावा राहून गेला

प्रिय बा,

आत्या गेली, आज पहाटेच. माय तिच्या आंघोळीचं पाणी तापवते आहे, काका बांबू तोडायला गेलाय, आणि रहमान चाचा त्यांच्या दमणीला बैल जुंपून राहिले आहेत. बैल जुंपून होईस्तोवर मला वेळ आहे, म्हणून ओट्यावर बसून शाळेच्या वहीत तुला लिहिते आहे. तू जाऊन दोन वर्षं होऊन गेली, पण तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला मला तोंड होतं कुठं? आज मात्र तुला सांगून मगच निघायचं ठरवलंय.

मी तुझ्या थोरलीच्या, शेवंताबाईच्या गावाला चालले आहे. आत्याच्या मयतीचा सांगावा घेऊन. काका म्हणाला, "मी जातो. बाईमानूस कुठी सांगावा नेत असते काय?" मी म्हटलं, "मागं मानसं होती, तवा कोन गेलं होतं?" तो खाली मान घालून निघून गेला. तसं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. माझं तोंड तुझ्यावरच गेलंय, माय म्हणते ते खोटं नाही.

गावात कोणी मेलं की पहिली हाक तुला यायची, आठवतं ना? घोंगडी खांद्यावर, काठी हातात, आणि तू निघालास. सोयरे चार कोसांवर असोत की आठ. त्यांच्या दारापासून लांब उभं राहायचं, "तुमचे मामा गेले जी," म्हणून ओरडायचं, कोणी वरून पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच माघारी फिरायचं. गावात आल्यावर सरणाची लाकडंही तूच वाहायची. आणि त्याच्या बदल्यात काय, तर मयतावरचं कापड. माझा पहिला परकर कशाचा होता ते मायनं मला पार मोठेपणी सांगितलं. त्या दिवशी मी जेवले नाही. तू म्हणालास, "अंजने, कापडाले काय ठाऊक थे कोनाच्या आंगावर होतं?" असं म्हणालास खरा, पण तूही अर्धी भाकर ताटात टाकून उठलास.

सगळ्यांच्या दारी गेल्यामुळं सगळ्यांच्या रीती तुला पाठ. लिंगायत वाण्याघरचं मयत बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात, म्हणून त्यांचा खड्डा कसा खणावा लागतो. पाटलाघरच्या तिरडीला बांबू ओलाच का लागतो. आणि मुसलमानांच्या जनाज्याला रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही चार पावलं खांदा देतो. हे सांगताना तू दर वेळी थांबायचास आणि म्हणायचास, "खांदा मांगा लागत नाई त्याइच्यात." तुला ते फार आवडायचं, हो ना?

मग छप्पन साली तू नागपूरहून दीक्षा घेऊन आलास. दुसऱ्याच आठवड्यात पाटलाच्या गड्यानं हाक मारली. तू दारात येऊन म्हणालास, "दुःखाची गोष्ट हाय. मी मयतीले मानसासारखा येतो. पन सांगावा नेत नाई, लाकडं वाहत नाई आन् कापड घेत नाई." तुझ्यामागं आपल्या सगळ्या वेटाळानं, वस्तीतल्या घरन् घरानं तेच धरलं. पुढं वर्षभर वावरात कोणी मजुरीला बोलावलं नाही, तरी एकही माणूस फुटला नाही. मी तेव्हा अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते. मायचं पत्र वाचून मी खोलीतल्या सगळ्या मुलींना सांगत सुटले होते, हा माझा बाप म्हणून.

पण बा, एक विचारू? राग मानू नको. काय करायचं नाही ते सगळं तू सांगून गेलास. मडकं फोडायचं नाही, डोकं भादरायचं नाही, कावळ्याला घास नाही, तेरवी नाही. मग करायचं काय, ते कोणाला सांगितलंस? तुलाही ठाऊक नसणार, हे आता कळतं. दीक्षेनंतर आपल्या वेटाळातून गेलेला मोठा माणूस तू पहिलाच.

तू गेलास त्या दिवशी चैताचं ऊन होतं आणि घरात नुसता कालवा. आत्यानं सवयीनं मडकं भरून आणलं, ते काकानं तिच्या हातातून काढून घेतलं. ती तिथंच मटकन बसली. पांढरं कापड नवंच पाहिजे म्हणून एक जण दर्यापूरला धावला. वंदना कोण वाचणार? पुस्तिका होती, पण ती सरळ वाचणारी मी एकटीच. मग बाई स्मशानात चालते का, यावर तासभर वाद. शेवटी मायच म्हणाली, "तिच्या बापानं तिले वाचाले शिकवलं, आता कोनासाठी ठेवता?" तेव्हा कुठं वाद मिटला.

मी वाचलं, बा. त्रिशरण, पंचशील, सगळं. आवाज एकदाही फुटू दिला नाही. काकानं अग्नी दिला. अशी मयत आपण पाहिली नाही, असं बाया-माणसं म्हणायला लागली आणि मी मनातून फुगले. हे तुला खरं सांगते. बापाचं सरण पेटलेलं होतं आणि मी फुगले होते.

रहमान चाचा बाभळीखाली उभे होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "अंजना बेटी, शेवंता नहीं दिखी. उसकू लाने किसकू भेजे थे?"

मी काकाकडं पाहिलं. काका म्हणाला, "मले वाटलं, तू मास्तरीन हायेस, तार केली असन." मला वाटलं होतं, काका पहाटेच निघाला असेल. मागून कोणीतरी अगदी साध्या मनानं बोललं, "पन सांगावा तं आपन बंद केला नाई का?"

साऱ्या पंचक्रोशीत दुसऱ्यांच्या मरणाची खबर पोचवणारा तू, आणि तुझी खबर तुझ्या लेकीला द्यायला एक माणूस निघाला नाही. कापडासाठी दर्यापूरला गेलेला तिच्या गावाच्या फाट्यावरून गेला आणि फाट्यावरूनच परत आला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, "हमारे में पहले खबर, बाद में कफन." त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, पण मला अजून टोचतं.

शेवंताबाईला तिसऱ्या दिवशी दर्यापूरच्या बाजारात कळलं, बांगड्या भरता भरता, आपल्या गावच्या एका बाईकडून. ती तशीच आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "पाटलाची म्हातारी मेली तं माहा बा तीन गावं भर उनात हिंडला. माह्या बापासाठी मले एक मानूस नाई भेटला?" मायनं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. आल्या पावली गेली, ती पुन्हा या घराला आली नाही. मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. तिनं ती कोणाकडून वाचून तरी घेतली असतील का? तू मला शाळेत घातलंस आणि तिला सासरी पाठवलंस, हेही तिच्या मनात असेल. का नसावं?

आत्या दसऱ्यापासून म्हणत होती, "शेवंतीले बलाव. एकडाव डोयानं पाहतो." तिला न्हाऊमाखू घालून आत्यानंच वाढवलं होतं ना. मी म्हणायचे, दिवाळीच्या सुट्टीत जाते. सुट्टी लागून चार दिवस झाले. त्यातले दोन दिवस मी मनातल्या मनात शेवंताबाईशी भांडण्यातच घालवले, ती कशी बोलेल, मी काय उत्तर देईन. आत्याला तेवढा धीर कुठला?

दोन वर्षं मी या एकाच गोष्टीवर विचार केला आणि आता मला ती स्वच्छ दिसते. तू बंद केलीस ती वेठ होती, बा. दुसऱ्याच्या दारात लांब उभं राहणं तू बंद केलंस. आपल्या माणसाला आपल्या माणसाची खबर देणं तू कधी बंद केलंस? आम्हीच अडाण्यासारखं सगळं एका गाठोड्यात बांधून फेकून दिलं.

आत्ता काका बांबू घेऊन आला. म्हणतो, "दुपारच्या आंदी उचला लागन." मी ओट्यावरून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शेवंताबाई आल्याबिगर आत्याले कोनी उचलाचं नाई." दोघं-तिघं कुजबुजले. कुजबुजू देत. कार्तिकाची थंडी आहे. पाटलाचा पुतण्या अमरावतीहून यायचा होता तेव्हा म्हातारीला सांजेपर्यंत ठेवलं होतं, हे तूच सांगितलंस. मग आपल्या लेकीसाठी का नाही ठेवायचं? माय उंबऱ्यात बसली आहे आणि तिनं मला शब्द दिलाय की मी येईपर्यंत ती तिथून हलणार नाही.

तुलाही एक शब्द देते. यापुढं आपल्या वेटाळात कोणी गेलं की आधी सांगावा, मग बांबू. कोणाची लेक कुठल्या गावी दिलेली आहे ते मी या सुट्टीत घरोघर विचारून लिहून ठेवणार आहे. जायला माणूस नसेल तर बाई जाईल. बाई नसेल तर मी अकोल्याहून, शाळेची रजा टाकून येईन.

चाचा हाका मारताहेत. आता शेवटचं. शेवंताबाई दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. उघडलं तर मी आत्याचं नाव आधी घेणार नाही. आत्याचा सांगावा आजचा आहे, तो घटकाभर थांबेल. दोन वर्षांपूर्वीचा माझ्याकडे राहून गेलाय, तो आधी देईन. तिच्या समोर उभी राहून, तिच्या डोळ्यांत पाहून सांगेन, "बाई, आपला बा गेला. मी सांगाले आली."

निघते, बा.

तुझी धाकटी,
अंजना