एकटीने राहण्याचे फायदे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा खुर्चीत बसून घातलेलाच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? नातू चालायला लागला म्हणे, म्हणजे आता तो नाही, तूच दमत असणार. लेकीकडे महिन्याभरासाठी म्हणून गेलीस तेव्हा तो पालथासुद्धा पडत नव्हता. ते असो. (फोनवर तू बोलतेस, मागून तो भोकाड पसरतो आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून हे पत्र.) माझं इकडे उत्तम चाललंय.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा माझा स्पॅनिशचा वर्ग तुला आठवत असेल. पुस्तकातली माणसं जन्मभर एकमेकांना स्टेशनचा रस्ता विचारत असतात आणि ते वाचता वाचता वर्ग पेंगतो. म्हणून मी एक शक्कल लढवली. माणूस हमखास कशावरून भांडतो, तर तब्येतीवरून. मीठ किती खावं, चालावं किती, कॉफी चांगली की वाईट, वर्तमानपत्रात रोज एक डॉक्टर दुसऱ्याला खोडून काढतोच. ती कात्रणं वर्गात नेली आणि वाद लावून दिले, अर्थात स्पॅनिशमध्ये. चिठ्ठीत येईल ती बाजू मांडायची, पटो वा न पटो, आणि आठवडाभर घरच्या माणसासमोर सराव करायचा. (भाषा तोंडात बसायची तर समोर कान हवेत, हे माझं जुनं मत. तुझ्या कानांवर मी किती क्रियापदं ओतली ते तू जाणतेसच.)

वर्गात एक निवृत्त बसचालक आहेत, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. जेवण झालं की ताणून देणारा माणूस, आणि त्यांना नेमकी चिठ्ठी आली, दुपारची झोप घातक. बिचाऱ्यांनी इतका मनापासून सराव केला की त्यांना स्वतःचंच बोलणं पटलं. झोप बंद. मग दुपारभर करायचं काय, म्हणून बायकोच्या मागे मागे फिरून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावू लागले. चार दिवसांनी काकू जिना चढून थेट वर्गात. "बाई, तुम्ही यांना काय हवं ते शिकवा, पण आधी झोपवा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी नियमात भर घातली, की आठवड्याने प्रत्येकाने बाजू बदलायची, म्हणजे कुणाच्या संसाराला कायमची इजा नको. काका आता स्पॅनिशमध्ये झोपेची थोरवी गातात आणि घरी घोरतात.

मग वर्गाने मलाच कोंडीत धरलं. बाईंनीही चिठ्ठी काढायची. विषय होता, एकटं राहणं तब्येतीला चांगलं की वाईट. हल्ली त्यावर फार लिहून येतं. मला आलं 'चांगलं'. आठवडाभर तुझ्या खुर्चीसमोर सराव केला. (ती फार शांतपणे ऐकते, मध्येच मटार सोलायला बसवत नाही.) आणि काय बोलले म्हणून सांगू. वर्तमानपत्र अख्खं आपलं, चहातल्या साखरेवर कुणाचं मत नाही, पंखा बंद करत कुणी मागे फिरत नाही. टाळ्या पडल्या. खालच्या दवाखान्यातली सिस्टर माझ्याविरुद्ध होती, तिने हात टेकले. तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी हात वर केला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, बाई, आज जिंकलात हे घरी जाऊन सांगणार कुणाला? मी फळा पुसला. पुसलेलाच परत पुसला. घरी आले तर तुझी फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले.

तू मात्र काळजी करू नकोस. लेकीला तुझी गरज आहे आणि नातवाचं हे वय पुन्हा येणार नाही. सावकाश ये. मी मजेत आहे.

तुझी
धाकटी

ता. क. नियमाप्रमाणे आता माझी बाजू बदलली. एकटं राहणं वाईट, हे मला मांडायचंय. मुद्दे भरपूर आहेत. फक्त सराव घरच्या माणसासमोर करायचा असतो, आणि खुर्चीला सांगून उपयोग नाही, तिला ते आधीच पटलंय.

आणखी एक ता. क. वर 'सावकाश ये' लिहिलंय ते गेल्या आठवड्याच्या बाजूने. तुझ्या खोलीतला पंखा मी रोज संध्याकाळी मुद्दाम चालू ठेवते. बंद करायला ये.