अस्वलाची सोबत

१६ एप्रिल

या घरात आज माझ्या तर्जनीवर बंदी आली. लिहून ठेवतो, कारण एवढा मोठा अन्याय विसरला जाता कामा नये. मी साखरेच्या डब्याकडे बोट दाखवलं, तर कन्यारत्न म्हणालं, "बाबा, एका बोटानं दाखवायचं नाही. अख्खा पंजा उघडायचा. असा." आणि डब्याकडे तळहात अशा काही आदबीनं नेला, की आत साखर नसून कुणी राजकन्या बसली असावी!

तर्जनी म्हणजे दटावणारी. इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय ते निव्वळ तिच्या जोरावर. ती काढून घेतल्यावर माझ्याकडे उरतं काय — करंगळी? ती तर विद्यार्थ्यांची.

हे सगळं त्या थीम पार्कमधून येतंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि कन्या सुट्टीपुरती तिथे नोकरीला लागली. सध्या हसण्याचं प्रशिक्षण चालू आहे. चेष्टा नाही! वरचे दात दिसायला हवेत, खालचे नकोत. गाल दुखले तरी सोडायचं नाही. रात्री आरशासमोर सराव. ही, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "बापाकडे बघून कर, आपोआप येईल."

१९ एप्रिल

नेमणूक झाली. मला वाटलं होतं पाळण्यावर वगैरे बसवतील. तसं काही नाही. कन्या एका अस्वलाची सोबतीण झाली आहे. हुद्दाच तसा — 'सोबती'.

अस्वल म्हणजे पार्कचं लाडकं बाहुलं. आत माणूस. यंदा आत कन्येच्याच वर्गातला लांब्या आहे. त्या कातड्याला उंच माणूसच लागतो, आणि लांब्या विजेच्या खांबाला खांदा लावेल असा. (त्याच्या खालोखाल वर्गात आमचीच उंच. श्रेय माझ्या घराण्याला. ही ते मान्य करत नाही.) मागे वह्या न्यायला आला होता, तेव्हा दाराच्या चौकटीला डोकं आपटलं आणि चौकटीलाच "सॉरी" म्हणाला. तेव्हाच मला आवडला होता.

अस्वलानं बोलायचं नाही. अस्वलाला धड दिसतही नाही; जबड्याच्या फटीतून समोरचं तेवढं. आणि मुलांच्या देखत डोकं काढायचं नाही — आभाळ कोसळलं तरी. म्हणून सोबती. पायरी आली की कोपर दाबायचं, फोटोची रांग सांभाळायची, आणि लक्ष ठेवायचं. आतल्याला सोसवेनासं झालं की तो उजवा पंजा डोक्यावर ठेवतो. मग सोबत्यानं लगेच म्हणायचं, "अस्वलबुवांची झोपायची वेळ झाली!" आणि त्याला आत न्यायचं. हसत.

मूकाभिनयाची एवढी काटेकोर व्यवस्था आमच्या प्राचीनांनाही सुचली नसती, असं मी म्हणालो. कन्या म्हणाली, "त्यांच्याकडे ऊन कमी असेल."

२३ एप्रिल

आज जेवताना हसून हसून पुरेवाट. लांब्यानं एक खोड काढली आहे. उगाचच पंजा डोक्यावर ठेवायचा. कन्या घाबरून धावते — "अस्वलबुवांची झोपायची वेळ —" तोवर हा आरामात कान खाजवतो आणि कंबर हलवतो. मुलं गडाबडा लोळतात.

"मेला भारीच वात्रट दिसतोय," ही म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांचा पर्यवेक्षक ओरडला म्हणे. गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून पोरं त्याला शिट्टीच म्हणतात. पण मुलं 'पुन्हा! पुन्हा!' म्हणायला लागली, तेव्हा तोच म्हणाला, "राहू दे रे, चालतंय ते. रोज कर."

मी विचारलं, "मग खरंच त्रास झाला तर कसं कळणार गं?"

"कळतं हो बाबा. खरा पंजा जड असतो."

३ मे

ऊन! पंख्याखाली बसून मी उत्तरपत्रिका तपासतोय आणि मलाच चक्कर येतेय. अस्वल मात्र उभं आहे. फोटोची रांग कारंज्यापर्यंत जाते असं कळलं.

७ मे

भर दुपारी कन्या दाराशी उभी. गणवेशात. हसत. ही म्हणाली, "काय गं, आज लवकर?" तर तशीच हसत म्हणाली, "लांब्याला दवाखान्यात नेलंय." वरचे दात दिसत होते, खालचे नाहीत. हिनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तरी ते हसू जाईना.

तुकड्या-तुकड्यांनी जे कळलं ते असं. सकाळपासून त्यानं चार-पाच वेळा खोड काढली होती. दुपारी पुन्हा पंजा वर गेला. कन्या निघाली. शिट्टी म्हणाला, "अगं, सकाळपासून तेच चाललंय त्याचं. दोन पोरं राहिलीत, होऊ दे." ती थांबली. हसलीसुद्धा — मुलं बघत होती म्हणून. या वेळी अस्वलानं कान खाजवला नाही. एका लहान मुलीला मांडीवर घेऊन बसलं, फोटो झाला, आणि मुलगी उतरल्यावर उठलंच नाही.

डोकं काढायचं नाही! मुलं समोर. तिनं आणि शिट्टीनं दोन्हीकडून काखेत हात घालून त्याला उचललं आणि दुकानांच्या मागच्या खोलीकडे नेऊ लागले. पाय ओढले जात होते. रांगेतली मुलं 'टाटा, टाटा' म्हणून ओरडत होती.

"म्हणून मी त्याचा पंजा धरून हलवला, बाबा."

एवढं बोलून ती अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज आला नाही.

८ मे

शुद्धीवर नाही. अंगातला ताप उतरत नाही. दवाखान्यात आत सोडत नाहीत. बाकावर त्याची आई बसून आहे. वडील नाहीत, हा एकुलता एक.

१० मे

लांब्या गेला.

११ मे

ही त्या दिवशी 'मेला' म्हणाली होती. आज सकाळी कणीक मळता मळता तिला ते आठवलं. तशीच पिठाच्या हातांनी बसून राहिली. मी म्हणालो, अगं, तो बोलण्यातला शब्द, त्याला काही अर्थ नसतो. आयुष्यभर मुलांना सांगत आलोय की प्रत्येक शब्दाला अर्थ असतो.

१३ मे

कन्येबरोबर लांब्याच्या घरी गेलो. एकच खोली. त्याची आई कपडे शिवते. यंत्रावर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा तसाच होता. भिंतीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा — लहानपणापासूनच्या. सगळ्यात वरची खुर्चीवर चढून मारली असणार.

काकूंनी विचारलं, "काही बोलला का गं तो? त्रास होतोय म्हणून?"

मी मनात म्हटलं, नको सांगूस. ती म्हणाली, "पंजा वर केला होता, काकू. मी पाहिला. मला वाटलं, चेष्टा करतोय."

मग काकू म्हणाल्या, "घरीही असंच करायचा. पोट दुखतंय म्हणून लोळायचा, आणि मी धावले की हसायचा." आणि उठून तिला पाणी दिलं. निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

या बाईपुढे मी कोण?

१६ मे

पार्क कंपनीची बाई येऊन गेली. मऊ आवाज, अत्तर, अख्ख्या तळहातानं दाखवणं. सरकारी चौकशी आहे. सोबतीण म्हणून कन्येची साक्ष महत्त्वाची. "तुला संकेत दिसला नसेल, तर तसं सांगायला घाबरू नकोस हं. गर्दीत कुणालाच दिसला नाही. तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय." चहाला नको म्हणाली. चपला घालता घालता मला म्हणाली, "सर, तुम्ही समजावा."

ती गेल्यावर घरात सभा. कन्या म्हणाली, खोटं बोलणार नाही. तो प्रश्नच मिटला. प्रश्न उरला किती बोलायचं हा.

ही म्हणाली, "पंजा वर होता, आणि शिट्टी म्हणाला थांब. बस्स! एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. त्या खोडीचं काय काढायचंय? गेलेल्या पोराच्या अंगावर कशाला?"

मी म्हणालो, अर्धं सत्य म्हणजे सत्य नव्हे. चेष्टेचं सांगितलं नाही तर तू का थांबलीस हे कळणारच नाही. सांगायचं तर पूर्ण सांग. चांगलं लांबलचक बोललो. वर्गात बोलतो तसा. तर्जनीसुद्धा वापरली असावी.

ही म्हणाली, "तुमच्या वर्गात चुकलं तर मार्क जातात. इथं काय जाईल ते तुम्हाला कळत नाहीये."

कन्या आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी म्हणाली, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे."

मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवायला हवं — बरं वाटलं.

२२ मे

साक्ष झाली. मी बाहेर बाकावर होतो. दार उघडं होतं, आवाज येत होता. पंजा. शिट्टी काय म्हणाला. आधीची खोड. 'रोज कर' असं शिट्टीच म्हणाला होता, तेही. आपण थांबलो. आपण हसलो. त्याचा पंजा आपण हलवला. न अडखळता, एक शब्द इकडचा तिकडे न करता. चौकशीचे साहेब मध्येच म्हणाले, "अगदी सावकाश, बाळ, मी लिहून घेतोय."

घरी येताना मी तिला म्हणालो, मला तुझा अभिमान वाटतो. ती म्हणाली, "हं."

३१ मे

निकाल पेपरात आला. मृत कर्मचारी धोक्याच्या संकेताचा वारंवार गमतीसाठी वापर करत असे, त्यामुळे खऱ्या प्रसंगी तो ओळखता आला नाही. कंपनीवर ठपका नाही. पर्यवेक्षकाला समज. 'रोज कर' हे कुठेच नाही! पानभर शोधलं. सोबतिणीच्या 'प्रांजळ साक्षीमुळे' सत्य समोर आले, असं मात्र आहे.

प्रांजळ. माझा आवडता शब्द. मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो.

हिनं पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला. "घ्या तुमचं पूर्ण."

कन्येनं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं.

२ जून

कन्या एकटीच काकूंकडे जाऊन आली. दार उघडलं नाही. आत शिलाईयंत्र चालू होतं. तिनं हाक मारल्यावर थांबलं. ती जिना उतरून खाली आली तेव्हा पुन्हा सुरू झालं.

हे तिनं आईला सांगितलं. मला नाही.

५ जून

कन्या पुन्हा कामावर जायला लागली आहे. मी म्हणालो, "कॉलेज उघडेपर्यंत घरीच राहा ना." "घरी काय करू, बाबा?" आता म्हणे नवे नियम — अस्वलाच्या डोक्यात पंखा, पाळी छोटी, सोबती एक नव्हे दोन. शिट्टी तिथेच आहे. सगळं हसत हसत सांगितलं. पोळी वाढली तर "धन्यवाद" म्हणाली. आईला!

ही पदरानं डोळे पुसत आत गेली. मी विषय बदलायला म्हणून तर्जनीबद्दल काहीतरी गमतीचं बोललो. कन्या नेमकी तेवढीच हसली जेवढं हसायला हवं होतं.

८ जून

आज न सांगता पार्कात गेलो. तिला लांबून बघावं, एवढंच मनात होतं. कारंज्यापाशी रांग होती. अस्वल उभं होतं. दोन्ही बाजूंना एकेक सोबती — दोन अनोळखी मुलं. कन्या कुठेच नाही. वाटलं, काम बदललं असेल.

मग अस्वलाला माझ्या दिशेला वळवलं, आणि ते क्षणभर थांबलं. जबड्याच्या फटीतून समोरचं तेवढं दिसतं. मी समोर होतो.

पुढचं मूल आल्यावर वाकलं. वाकण्याची ती तऱ्हा — गुडघा आधी, मग कंबर — माझ्या आईची आहे. माझीही आहे.

संध्याकाळी विचारलं. आवाज चढला माझा. ती म्हणाली, "कुणी आत जायला तयार नव्हतं. उंची माझीच होती." मी म्हणालो, वेड लागलंय का तुला! का पण?

"आत बरं वाटतं, बाबा. आत हसावं लागत नाही."

९ जून

तिनं डोक्यावर पंजा ठेवला, तर आता तो दोघांना दिसेल. दोघंही धावतील. माझी भीती ती नाही. ती ठेवणार नाही, याची मला भीती वाटते.