खोटं लागलं

आई, तू गेलीस तेव्हा आपला फोन स्टुलावर असायचा आणि त्यावर फक्त बोलता यायचं. आता तो ज्याच्या त्याच्या खिशात असतो आणि माणसं दिवसभर त्यावर लिहीत बसतात. तू असतीस तर पहिले चार दिवस खूश झाली असतीस आणि पाचव्या दिवशी डोक्याला हात लावला असतास. आपल्या घरच्यांचा त्यावर एक ग्रुप आहे. पुण्याची मंडळी, आम्ही बडोद्याचे, बंगलोरला असलेली माझी लेक, सगळे त्यात गप्पा मारतात. कुणाचाही वाढदिवस आला की तुझे मोठे जावई 'जन्मदीनाच्या शुभेच्छा' देतात. दीन, आई, दीर्घ! बिचाऱ्या जन्माला पार भिकेला लावलंय. पण मी गप्प बसते. जावयाच्या वेलांटीला हात लावायची कुणाची छाती आहे?

लेकीपुढे मात्र माझी जीभ वळवळते, आणि हे मी तुझ्याकडूनच घेतलंय, दुसऱ्या कुणाकडून नाही. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आजूबाजूला सगळी गुजराती घरं, आणि तू मराठी शाळेत मराठी शिकवणारी बाई. बाहेर काय बोलायचं ते बोला, पण दारात चप्पल काढायची तशी गुजराती काढून आत यायचं, हा तुझा नियम. मी ताटावर बसलेय, आणि 'दे ना'ऐवजी गुजराती थाटात म्हणतेय, "आई, अजून एक पोळी दे ने." तू पोळी हातात धरून तशीच उभी. "दे की ने? एक काय ते ठरव. ने म्हणालीस तर परत नेते." बाबा हसता हसता ठसका लागून पाणी पितायत. शाक म्हटलं की वाटीत काही पडायचं नाही, भाजी म्हटलं की पडायचं. मीही हसायचे तेव्हा. आपल्या घरात मराठी टिकली ती तुझ्या या हट्टामुळेच, असं मी चारचौघांत अजूनही सांगते, आणि ते खरंच आहे.

यंदा तुझ्या श्राद्धाच्या दिवशी लेकीने तिथे बंगलोरला शंकरपाळे केले. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती, तिला तू जवळजवळ त्या शंकरपाळ्यांपुरतीच आठवतेस. एरवी ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, त्या दिवशी मुद्दाम देवनागरी शोधून ग्रुपवर लिहिलं, "आजीसारखे शंकरपाळे जमले नाही. आजी खूप याद आली." मी काय करावं? सगळ्यांदेखत खाली लिहिलं, "जमले नाहीत. आणि याद नाही, आठवण." पुण्याच्या भाच्यांनी लगेच दात काढणारी तोंडं टाकली. थोड्या वेळाने तिचा मला एकटीला निरोप आला, "मम्मी, मला खोटं लागलं." हे आपलं खास बडोद्याचं. पुण्याच्या माणसाला वाटेल हिला कुणी थाप मारली. गुजरातीत कुणाचं मनाला लागलं की 'खोटुं लाग्युं' म्हणतात, तेच आपल्या पोरांच्या तोंडी मराठी होऊन बसलंय. आणि मी बया, तिला लिहिलं, "खोटं लागत नाही गं, वाईट वाटतं." वर एक हसरं तोंडही टाकलं. तिने फक्त 'ओके' पाठवलं. तेव्हापासून मला तिचं सगळं इंग्रजीत येतं, दोन-दोन शब्दांत, कार्यालयातल्या साहेबाला लिहावं तसं.

परवा वहिनी, तुझी सून, घरी आली होती. ओट्याशी उभी राहून चहा गाळता गाळता म्हणाली, "पोरीची नोकरी गेली ते फार वाईट झालं हो. आता परत येतेय का ती?" माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. वहिनीला माहीत, पुण्याला माहीत, आणि पोरीच्या आईला, मला, पत्ता नाही! वहिनी गेल्यागेल्या मी फोन लावला. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मम्मी, तुला काहीपण सांगायचं तर आधी मनात वाक्य चेक करायला लागतं. रडू येत असेल तेव्हा कसं चेक करू, तूच सांग ने." मी 'जेवलीस का' एवढंच विचारलं.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दीन तो दीन आणि दिन तो दिन, हे मी मरेपर्यंत म्हणणार. एकदा सोडून दिलं की बडोद्यात चार पिढ्यांनी काय राखलं? पण पोर रडत आली आणि मी तिचं क्रियापद धरून बसले, त्याचं काय करू? आणि तिचं तरी काय चुकलं होतं? शेजारचं कुत्रं मेलं तरी वाईट वाटतं. तिला तसलं वाईट वाटलं नव्हतं. खोटं लागतं ते आपल्या माणसाचं, आणि तेही त्याने असं वागायला नको होतं म्हणून. याला मराठीत काय म्हणतात, आई? रुसणं म्हणावं तर ते लहान पोरांचं. 'मन दुखावलं' म्हटलं तर टीव्हीवरची सून बोलल्यासारखं वाटतं. परवापासून शोधतेय.

आणि शोधताना तो दिवस आठवतो. माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं तो. निरोप मलाच मिळाला होता. मी घरात येतेय, तू स्वयंपाकघरात पिठात हात घालून बसलेली, आणि मी दारातूनच म्हणते, "आई, त्यांनी ना पाडली." तू मान वर करून म्हणालीस, "ना पाडत नाहीत. नकार देतात." मी चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच मागे वळले. समोरच्या बेनच्या घरी जाऊन पोटभर रडले, गुजरातीत. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तुला धक्का बसला असेल, हे आता कळतं. मोडलेलं लग्न तुला सांधता येणार नव्हतं, वाक्य येत होतं. पण त्यानंतर माझं जे जे बिनसलं ते आधी बेनना कळलं आणि मग तुला, आणि ते तुझ्या कधी लक्षात आलं की नाही मला माहीत नाही.

हा कागद कुठे पोस्टात टाकायचाय, घरातच राहील. लेकीला लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही. आधी तुला सांगते. त्या दिवशी मला तुझं फार खोटं लागलं होतं गं, आई. तू होतीस तोवर बोलले नाही, कारण ते शुद्ध मराठीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. अजूनही येत नाही.