कडू पान

३ फेब्रुवारी
रोपांवर मुद्दाम मर रोगाच्या बुरशीचं पाणी टाकलं होतं. बरीचशी माना टाकून बसली. जगलेल्यांची पानं आजपासून चाखायची. रानकाकडी आणि बागेतली काकडी यांची ही नातवंडं. रानातली मरत नाही, पण कडूजहर. बागेतली गोड, पण रोग शिवला की संपली. आम्हाला हवं ते एक रोप – जगणारं, आणि कडू नसलेलं.
साहेबांनी सांगून टाकलंय, हा शेवटचा हंगाम. नाही मिळालं तर काचघर टोमॅटोवाल्यांना.

४ फेब्रुवारी
सगळी कडू.

६ फेब्रुवारी
साहेब वैतागले. जगणं आणि कडूपणा, हे दोन गुण एकमेकांना सोडत का नाहीत म्हणे. मिरचीने – माझ्या टेबलाची जोडीदारीण, तिखट जिभेवरून हे नाव – ऐकवलंच. "भिंतीला भिंत लागून राहतात, साहेब. सहजी कसे सुटतील?"
घरी येताना तेच डोक्यात. पराग किंवा बीजांड तयार होण्याआधी आईकडचं गुणसूत्र आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी येतात, अंगाला अंग लावून. एकाच जागी दोघंही तुटतात आणि तुकडे परस्परांत सांधले जातात. एकाचा शेंडा, दुसऱ्याचं बूड. दूर होतात तेव्हा धड आईचं काही उरत नाही, धड बापाचंही नाही. म्हणून तर एका घरची भावंडं सारखी निघत नाहीत.
पण कुठे तुटायचं, ते कुणाच्या हातात नाही. आमचे दोन गुण इतके जवळ – त्या दोघांच्या मधेच तुटायला हवं. क्वचित तुटतं. त्या क्वचितवर माझी नोकरी!

८ फेब्रुवारी
आईचा फोन. भाचीचं नाक आपल्याकडचं, हट्ट तिच्या बापाकडचा – ताटं वाढावीत तशी ती माणसांची वाटणी करते. मी विचारलं, आणि माझं काय गं?
"रंग माझा. तोंड तुझ्या बाबांचं. तो जोड कुणी लावला, देव जाणे."

१० फेब्रुवारी
कडू पान चाखलं की पावाचा तुकडा, चूळ, मग थांबायचं. नियम माझाच. नाहीतर जिभेवरचा कडूपणा पुढच्या पानाच्या माथी बसतो. आज नियम अक्षरशः पाळला. शेवटचा ट्रेही कडू. सगळे खतखड्ड्याकडे पाठवले.
साहेबांनी टोमॅटोवाल्यांना फोन लावला.

११ फेब्रुवारी
सकाळचा चहा कडू. साखर घातली, तरी कडू. नवऱ्याने घोट घेतला – छान झालाय म्हणाला. मग पाव चावून पाहिला. कडू. साधं पाणीसुद्धा!
म्हणजे काल मी पानं चाखतच नव्हते.
धावत गेले. ट्रे खड्ड्याच्या काठावर तसेच. मिरचीला खाली बसवलं. ती चाखायची, थुंकायची, मला शिव्या घालायची. उन्हं चढली. मग एक पान तिने थुंकलं नाही. परत चावलं. तोंड वाकडं झालं नाही.
"हे नुसतं पान लागतंय गं."
बाकी सगळी खरोखर कडू निघाली. हे एकच.

१२ फेब्रुवारी
साहेबांनी स्वतः चाखलं. दोनदा. मग टोमॅटोवाल्यांना फोन करून थांबायला सांगितलं. रोप कुंडीत हलवलं, माझ्या टेबलासमोर. परवा मीच त्याला फेकलं होतं, हे त्याला ठाऊक नाही.
मिरची म्हणाली, जिभेचं डॉक्टरीणबाईंना दाखव. आणि जिभेवरच थांबू नकोस, बाकीचंही तपासून घे.

१५ फेब्रुवारी
दिवस गेलेत. कडू तोंड त्याचंच, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.
मुलीच्या बीजांडांत ती तुकड्यांची अदलाबदल होते तिच्या जन्माच्याही आधी. म्हणजे या बाळासाठी आई-बाबांचे तुकडे माझ्यात सांधले गेले, तेव्हा मी आईच्या पोटात होते.
आईला तेव्हा चहा कडू लागायचा का, विचारायला हवं.