शिवेवरचा पलंग

१२ एप्रिल, रविवार
चर्चमधून बाहेर पडताना बातमी कळली. म्हातारा विल्फ टॅपस्कॉट यंदा शिवेची काठी सोडणार. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. सात वर्षांतून एकदा, मे महिन्यात, आमचं लिटल थ्रोपिंग आपल्या गावाची शीव पायी चालतं. काठीवाला पुढे, मागे चर्चच्या व्हिकरबाई, त्यांच्यामागे अख्खं गाव. शिवेच्या प्रत्येक दगडाला काठीने बडवायचं, म्हणजे दगडालाही आठवण राहते आणि आपल्यालाही. आता ही काठी कुणाकडे जाणार हे उघडच आहे. नाव लिहीत नाही. नम्रता.

(जेवणानंतर) मी.

१३ एप्रिल
म्युरिएलला सांगितलं. ती स्कोनचं पीठ मळत होती. म्हणाली, छान, पण तुला कुणी विचारलंय का. बायकोला नवऱ्याची उंची दिसत नाही, कारण ती फार जवळ उभी असते. अकरा वर्षं या गावात काढली. दर जत्रेत सोडतीच्या स्टॉलवर उभा राहिलो. तळ्यातल्या बदकांची शिरगणती मीच सुरू केली. आणि निवृत्त होईपर्यंत लिफ्ट इन्स्पेक्टर होतो; सरळ रेषा मला कुणी शिकवायला नको. शीव म्हणजे तरी काय, आडवी लिफ्ट.

विल्फ मला अजूनही ‘पाव्हणं’ म्हणतो. प्रेमानेच.

संकल्प: रोज तीन मैल चालणे. बिअर बंद. विल्फशी हवापाण्यावर गोडीने बोलणे.

१४ एप्रिल
पाऊस. चालणे रद्द. पबपर्यंत गेलो, ते चालण्यात धरायला हरकत नाही. बिअर बंद असल्यामुळे सायडर घेतली, सफरचंदाची दारू. विल्फशी हवेवर बोललो. त्याने खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाऊस पडतोय असं सांगितलं. मैत्री वाढते आहे.

एकच अडचण: जेराल्ड मॉसप. खाटीक. माणूस चांगला, सॉसेज त्याहून चांगले. पण त्याने सहज म्हणून सांगितलं की त्याच्या आजोबांकडेही काठी होती. पबमधले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी सायडरकडे.

१७ एप्रिल
सकाळी दाढी करताना सुचलं. मॉसपचं घर ओढ्याच्या वळणावर आहे. ओढ्यापलीकडे ग्रेट थ्रोपिंग. म्हणजे मॉसपचं निम्मं घर शत्रूच्या हद्दीत असण्याची दाट शक्यता आहे.

ग्रेट थ्रोपिंग फक्त नावाने ग्रेट. आमच्यापेक्षा निम्मं गाव, पब नाही, बदकं मरतुकडी. त्यांनी एकदा आमची चर्चची घंटा पळवली होती. कधी ते कुणाला आठवत नाही. पळवली हे सगळ्यांना आठवतं.

दाढी करताना हसलो. हनुवटी कापली.

१९ एप्रिल, रविवार
पबमध्ये शिवेच्या कमिटीची बैठक. उठून उभा राहिलो. बोललो की काठी शिवेच्या आत राहणाऱ्यानेच धरावी. आणि राहणारा म्हणजे कोण? दुकान कुठेही असेल, बाग कुठेही असेल. माणूस जिथे झोपतो तिथला. व्हिकरबाईंनी विचारलं, याची खरंच गरज आहे का. विल्फने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडताच म्हणाला, ‘‘बरोबर बोलतोय पाव्हणं. जुना नेम आहे. खाट ज्या गावात, माणूस त्या गावचा.’’

एकमताने मंजूर. मॉसप नुसता हसला. बिचारा. अजून त्याच्या डोक्यात प्रकाश पडलेला नाही.

२५ एप्रिल, शनिवार
सुतळी, ओळंबा, टोपी. मोहीम सुरू. चर्चच्या गल्लीतल्या दगडाला सुतळी बांधली. पुढचा दगड कुठे, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. शेवटी तो सापडला आमच्याच परसात, रुबार्बच्या वाफ्यात. माझ्या रुबार्बखाली शिवेचा दगड! डोळ्यांत पाणी आलं. गावाने मला निवडण्याआधी दगडाने निवडलं.

निम्मं गाव बघायला जमलं. सुतळी मॉसपच्या भिंतीला लागून गेली, पण बाहेरून. त्याचं घर, खाट, मांजर, सगळं आत. वाईट वाटलं, पण मी खिलाडू माणूस. सुतळी पुढे नेली. वाटेत आमचं घर आडवं आलं. घर बैठं आहे, त्यामुळे अडचण नव्हती. बेडरूमच्या दोन्ही खिडक्या समोरासमोर. एकीतून सुतळी आत घेतली, दुसरीतून बाहेर काढून रुबार्बपर्यंत ताणली. काय रेष होती! तीस वर्षांत इतकी सरळ रेष मारली नव्हती. खिडकीबाहेरच्या लोकांना ती हात पसरून दाखवली.

म्युरिएल चहा घेऊन आली. सुतळी बघितली. पलंग बघितला. सुतळी दोन उशांच्या बरोब्बर मधून गेली होती.

‘‘डेस्मंड,’’ ती म्हणाली, ‘‘तुझी उशी पलीकडे आहे.’’

खिडकीबाहेर मॉसपला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

२६ एप्रिल
दमट हवेत सुतळी सैल पडते. नवीन सुतळी आणली. तीच रेष. नायलॉनची दोरी. तीच रेष. ओळंबा उलटा धरून बघितला. उलटा धरला की तो ओळंबा राहत नाही, हे खरं. पण सगळे मार्ग बघावे लागतात.

अकरा वर्षं मी ग्रेट थ्रोपिंगमध्ये घोरतो आहे. आणि म्युरिएल लिटल थ्रोपिंगमध्ये जागी असते.

२७ एप्रिल
म्युरिएलला विनंती केली की आपण बाजू बदलू. नाही म्हणाली. चौतीस वर्षं ती दाराकडे झोपते. राजाने सांगितलं तरी सरकणार नाही. मी म्हटलं, प्रश्न माझ्या गावाचा आहे. ती म्हणाली, माझा झोपेचा आहे. मग म्हणाली, नियम कुणी आणला? तो मुद्दा वेगळा.

पोस्टात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, परदेशी तिकीट लावायचं का. बिअर सुरू केली. तब्येतीसाठी.

२ मे, शनिवार
म्युरिएल हँडबेलच्या, म्हणजे हातघंटा वाजवायच्या, तालमीला गेली. (गावात आल्यावर सहाच महिन्यांत तिला हँडबेल मंडळात घेतलं. मला अजून वेटिंग लिस्टवर ठेवलंय. माझा कान जास्त तीक्ष्ण आहे, ते त्यांना झेपणार नाही.) संधी साधली. पलंग ढकलायला सुरुवात केली. ओक लाकडाचा आहे. पाठीत काहीतरी वाजलं, पण पलंग हलला. ढकलत ढकलत पार दाराला टेकवला. अख्खा पलंग, दोन्ही उशा, चारही पाय लिटल थ्रोपिंगमध्ये. वर आडवा पडून बघितलं. हवाच वेगळी. माणूस आपल्या गावी झोपला की अंग कसं सैल पडतं.

मग चहा करायला उठलो. दार आतल्या बाजूला उघडतं. म्हणजे उघडायचं. पलंग परत ओढायला गेलो तर त्याचा एक पाय जमिनीच्या फळ्यांच्या फटीत अडकलेला.

हाका मारल्या. सॉसेज पोचवायला आलेल्या मॉसपने ऐकल्या. तो खिडकीखाली उभा राहिला आणि मला उतरवून घेतलं, डुकराच्या मांडीला धरतात तसं, काखेखाली हात घालून. खिडकीच्या ज्या अर्ध्या भागातून बाहेर आलो तो ग्रेट थ्रोपिंगचा निघाला. नंतर तो आत शिरला, एका खांद्याने पलंग जागच्या जागी नेला, सॉसेज फडताळात ठेवले आणि म्युरिएलला सांगणार नाही म्हणाला. फारच चांगला वागला. यात नक्की काहीतरी डाव आहे.

३ मे
म्युरिएलला सगळं कळलं. मॉसपने नाही सांगितलं. जमिनीच्या फळ्यांवरच्या चार ओरखड्यांनी सांगितलं.

४ मे
नवा बेत. स्वयंपाकघर निर्विवाद लिटल थ्रोपिंगमध्ये आहे. काल तिथे टेबलावर झोपलो. ही गोष्ट गावाच्या कानावर सहज जाईल अशी व्यवस्था केली, म्हणजे बेकरीत मोठ्याने सांगितली. दुपारी विल्फ कुंपणाशी थांबला. म्हणाला, ‘‘पाव्हणं, हललेली खाट मोजत नाहीत. नाहीतर उद्या सगळं ग्रेट थ्रोपिंग खाटा डोक्यावर घेऊन इकडे येईल.’’

हाही म्हणे जुना नेम. मला शंका आहे की म्हातारा हे नेम कुंपणाशी उभ्या उभ्या तयार करतो. पाठ धरली आहे. वाकलो की सरळ होत नाही, सरळ झालो की वाकत नाही.

६ मे, बुधवार
काठीचा निकाल. पबमध्ये गर्दी. दोन रात्री आरशासमोर तयार केलेलं भाषण केलं. म्हटलं, उशी कुठेही असो, माझं काळीज लिटल थ्रोपिंगमध्ये आहे. चांगलं वाक्य होतं. एका बाईने नाक शिंकरलंसुद्धा. विल्फ म्हणाला, ‘‘काळजाचं कोण विचारतंय? झोपताना डोकं कुठे असतं ते सांगा.’’

मग मॉसपला विचारलं. मी श्वास रोखला. तो म्हणाला, मला नको, मी पुढे चाललो तर मागे पोरांना आणि विल्फला कोण उचलणार. आणि म्हणाला, म्युरिएलला द्या. तिची उशी आत आहे, पाय मजबूत आहेत आणि ती कुणाशी भांडत नाही. सगळे हात वर गेले. माझाही गेला. बायकोचं नाव घेऊन कुणी काही विचारलं की तो आपोआप जातो.

घरी येताना ती काठी काखेत घेऊन माझ्या शेजारून चालत होती. सोललेल्या विलोची पांढरी काठी. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अकरा वर्षं कमी नसतात.

९ मे, शनिवार
निर्णय. उद्या शिवेची फेरी, आणि मी आजारी. पलंगावरून उठणार नाही. शीव पलंगावरून जाते, म्हणजे गावाला मला ओलांडता येणार नाही. रस्ता बदलावा लागेल. अख्खं गाव माझ्या खिडकीशी थबकेल, मग त्यांना कळेल की कुणाला डावललं. शांत, सभ्य निषेध. पायजमा इस्त्री केला.

१० मे, रविवार
रस्ता बदलला नाही.

आधी ढोल ऐकू आला, मग पोरांचा आरडाओरडा, मग खिडकी उघडली आणि म्युरिएल आत आली. माझीच बायको, माझ्याच खिडकीतून, हातात काठी, हॅटवर बटरकपची फुलं. तिने सगळ्यांना दम देऊन बूट बाहेर काढायला लावले. मग एकेक जण आत. हँडबेल मंडळ. पोस्टातल्या बाई. दोन कुत्री. मॉसप, त्याच्या पाठीवर विल्फ. सगळे पलंगावर चढायचे, माझ्या पायांमधून वाट काढायचे आणि पलीकडच्या खिडकीतून उतरायचे. मी डोळे मिटून कण्हत होतो, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. व्हिकरबाई गादीवर तोल सांभाळत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिकांवर, गुराढोरांवर आणि, एक डोळा माझ्याकडे ठेवून, सर्व रुग्णांवर कृपा मागितली. पलंगाची एक फळी मोडली. सगळे आमेन म्हणाले.

मग म्युरिएलने दोन उशांच्या मध्ये काठी आपटली. तीनदा. माझ्या कानाला वारा लागला.

मॉसपच्या पाठीवरून विल्फने रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘पलीकडे कोण?’’

‘‘माझा नवरा,’’ म्युरिएल म्हणाली. ‘‘ग्रेट थ्रोपिंगचा आहे. पण स्वभावाने बरा.’’

खोलीभर हशा पिकला. मी रागावायचं ठरवलं होतं. पण पोटातूनच काहीतरी उसळलं, पलंग हलायला लागला, आणि आजारी माणूस इतका हसत नाही हे एका कुत्र्यालाही कळलं. ते येऊन तोंड चाटायला लागलं.

मग सगळे गेले. घर रिकामं. उठून खिडकीत उभा राहिलो. रुबार्बवरून, कुंपणावरून, बाजूच्या कुरणातून रांग चालली होती. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. शिवाय मी आजारी. तेवढ्यात मॉसप परत आला. एका पोराचा बूट राहिला होता. बूट उचलला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘येतोस का? विल्फ कुंपणावर बसवून ठेवलाय, लवकर सांग.’’

इस्त्रीच्या पायजम्यावर वेलिंग्टन बूट चढवले. नियम तो नियम, म्हणून मी शिवेच्या पलीकडून चाललो, ते अलीकडून. मेंढ्यांच्या लेंड्या, खाजकुयली, चिखल, सगळं दोन्हीकडे सारखंच. ओढ्यात पडलो. कुणाच्या हद्दीत पडलो यावर जोरदार वाद झाला आणि शेवटी निम्मा निम्मा धरला. घसा बसेपर्यंत गायलो. इतका आनंद गेल्या अकरा वर्षांत झाला नसेल. काठी कुणाच्या हातात होती ते मधूनमधून विसरलोही.

११ मे, सोमवार, सकाळ
काल झोपायला गेलो तर म्युरिएल माझ्या जागेवर आडवी. म्हणाली, फेरी झाली, आता सात वर्षं कुणी बघायला येत नाही. जा, झोप तुझ्या गावात. तिच्या उशीवर डोकं ठेवलं. लिटल थ्रोपिंग. शेवटी. तिचा हात हातात घेतला, शिवेवरून.

दाराखालच्या फटीतून गार वारा येतो. थेट मानेवर. अकरा वर्षं ही बाई इथे कशी झोपली कोण जाणे. थोडा वेळ देशभक्तीने सोसलं.

मग तिला उठवलं आणि परत ग्रेट थ्रोपिंगला आलो.