मेरिडेलची शेवटची भरती

मेरिडेल, आयोवा
२८ एप्रिल

ती. डोरीनताई,

वाकून नमस्कार करायला गुडघे तयार नाहीत, म्हणून उभ्याउभ्याच मान लववतो. एवढ्यावर भागवून घे. प्रकृती कशी आहे? खुब्यात बसवलेला नवा सांधा कुरकुरत नाही ना? सरावाच्या वेळी तू हल्ली कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसतेस असं कानावर आलं आणि मला खुर्चीची काळजी वाटली, कारण रागावलीस की हाताशी असेल ती वस्तू उचलायची तुझी जुनी सवय. इकडे मी ठीक. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो आणि मांजर मला अजून ओळखतं. नोव्हेंबरपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (पत्राला घंटा नसते, त्यामुळे ते कसं टाळायचं हे तुला चटकन सुचणार नाही, असा माझा अंदाज.)

दरवर्षी या सुमाराला मी तुला माझ्या संघाच्या नव्या भरतीचा अहवाल पाठवतो आणि तू तो लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतेस. सव्वीस वर्षं झाली. तू नेब्रास्कात मुलींचा बास्केटबॉलचा संघ घडवणार, मी इथे. तू जिंकणार, मी अहवाल लिहिणार, अशी आपली वाटणी. (गेल्या वर्षी समासात तू फक्त 'हं' लिहिलं होतंस. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा अख्खा मे महिना गेला.) तर यंदाचाही पाठवतोय. फरक इतकाच की ही भरती खेळणार नाही. कॉलेज बंद होतंय, ताई. जूनच्या पंधरा तारखेला दारांना कुलूप.

मला हे कळलं कसं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुरुवारी दुपारी सगळ्यांना कॉलेजच्या चर्चमध्ये बोलावलं. चार वर्षं मी व्यायामशाळेच्या छपरासाठी अर्ज करत होतो, तेव्हा मला वाटलं, झालं मंजूर! गळतीच्या जागांची यादी खिशात घालून मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. कॉलेजच्या अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, जड अंतःकरणाने सांगावं लागतंय. मी म्हटलं, छप्पर नामंजूर. मग त्या रडायला लागल्या. छपरासाठी एवढं रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, माझाच जीव गलबलला. शेजारी रसायनशास्त्राचे फेल्टनसर होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला. शेवटी बाईंनी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मी उठून म्हणालो, "मग गळतीचं काय?" मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, काय धीराचा माणूस आहे, अशा वेळी बाईंना टोमणा मारतोय! खरं सांगतो, मला काहीच समजलं नव्हतं. फेल्टनसरांनी खाली ओढून बसवलं आणि कानात सांगितलं, तेव्हा समजलं. खिशातली ती यादी मी कितीतरी वेळ घडी घालत होतो आणि उलगडत होतो.

आणि शनिवारी नव्या पाच मुली आईवडिलांसह यायच्या होत्या. दरवर्षीचं स्वागताचं जेवण. शुक्रवारभर मी फोनला चिकटून होतो. तीन घरांना आधीच कळलं होतं. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या, त्याऐवजी धीर दिला (हे जास्त लागतं, तुला सांगतो), आणि आम्ही येतोच, म्हणाले. खानावळीच्या बर्नाडीनबाईंनी जेवण रद्द करायला साफ नकार दिला. हॅम भाजायला घातलंय, म्हणाल्या, त्याला कुणी सांगितलं नाहीये कॉलेज बंद झालंय म्हणून. चौथ्या घरचा फोन मात्र कुणी उचलेना. रोझबूम म्हणून शेतकरी आहेत, पार वायव्येला, चार तासांवर. मका आणि डुकरं. फोन घरात वाजत राहतो आणि माणसं शेतावर.

रोझबूमांची मॅरिट तुला आठवत असेलच. आठवू नये असं मला वाटतं, पण ते शक्य नाही. तिला तुझ्या संघात आणायला तू दोन वर्षं तिच्या मागे होतीस, आणि नोव्हेंबरमध्ये तिने तुझ्याऐवजी माझ्याकडे यायचं कबूल केलं.

गेलन रोझबूम बायको आणि मुलीला घेऊन ऐन पेरणीतून उठून आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घरच्या सॉसेजची मोठी पेटी, माझ्यासाठी. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी गाड्या लावायच्या जागेतच त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं. 

"पेरणी सोडून आलोय, कोच," एवढंच म्हणाले आधी.

मी म्हटलं, मला खरंच माहीत नव्हतं हो.

"तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसला होतात. हिच्या हातची चेरीची पाई दोनदा मागून घेतलीत. मी विचारलं, चार वर्षं नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की."

"मला माहीत नव्हतं," मी पुन्हा.

"मग नक्की कशाला म्हणालात?"

ताई, इतक्या वर्षांत पंचांनी, अध्यक्षांनी, तू सुद्धा मला इतका साधा प्रश्न विचारला नाहीस.   गेलनसाहेबांनी पेटी माझ्या हातात दिली. तुमच्यासाठी आणली होती, आता परत कुठे नेऊ, म्हणाले. ती पेटी घेऊन मी त्यांच्या मागून चालत गेलो, हमालासारखा.

जेवणाचं काही विचारू नकोस. हॅम उत्तम होतं, आणि काटे-सुऱ्यांच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. मी भाषण करायला उठलो आणि 'मेरिडेलच्या कुटुंबात तुमचं स्वागत' हे पहिलं वाक्य तोंडून गेलं, कारण सव्वीस वर्षं तेच जातं. पुढे काय बोलायचं ते सुचेना. मी उभा. माझ्या तोंडाकडे पंधरा-सोळा माणसं बघताहेत. तेव्हा मॅरिट म्हणाली, "कोच, मी बूट आणलेत."

 मग वॉटर्लू गावची इमानी म्हणाली, "मी पण." जुळ्या बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि टेबलाखालून पिशव्या काढल्या. पाचवी योसेलिन, डेनिसन गावची. तिचे वडील तिथल्या मांसाच्या कारखान्यात कामाला. तिचे बूट घरी राहिले होते, ते वाढायला आलेल्या आमच्या एका मुलीने दिले. असे ठरले सामन्याचे दोन संघ: नव्या पाच विरुद्ध माझ्या सध्याच्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या पाच. नव्यांचे शर्ट नावं छापून आलेच होते. ते वाटताना माझ्याकडून जुळ्यांच्या शर्टांची अदलाबदल झाली. (त्यांच्या आईखेरीज ते कुणालाही कळलं नाही.)

आता अहवाल. नीट लिहितोय, यात थट्टा नाही.

इमानी: उंची कमी, पाय चाकांवर. चेंडू तिच्या हातात असला की आपल्याला चेंडू दिसत नाही, फक्त आवाज येतो. पास देताना तिसऱ्याच दिशेला बघते. एकदा तर माझ्याकडे बघून पास दिला आणि मी हात पुढे केले. तोंड अखंड चालू, माझ्या थोरल्या मुलींना म्हणत होती, "काकू, दमलात का? पाणी आणू?" जुळ्या: दोघी मिळून एक उत्कृष्ट खेळाडू आहेत. एकीला बाहेर काढलं की दुसरीला डावा-उजवा कळत नाही. योसेलिन: उसने, अर्धा नंबर मोठे बूट घालून लांबून सहापैकी पाच बास्केट. बचाव नाही म्हणजे नाहीच. समोरची मुलगी आली की शेजारणीला वाट द्यावी तशी बाजूला होते. मॅरिट: सहा फूट एक इंच, आणि तेवढ्या उंचीची तिला घाई नाही. बोर्डावरून चेंडू कुठे पडणार ते चेंडूच्या आधी तिला कळतं. डाव्या कोपऱ्यात छपरातून पाणी ठिबकतं, तिथे मी बादली ठेवली होती. ती त्या बादलीला एकदाही न धडकता, खाली न बघता, अख्खा सामना त्या कोपऱ्यातून खेळली. नव्या जागेची अडचण पहिल्या दोन मिनिटांत मनात नोंदवणारी खेळाडू मला सव्वीस वर्षांत लाभली नव्हती. लाभली ती एका दुपारपुरती.

बघायला एकवीस माणसं. बर्नाडीनबाई एप्रनसकट. पंच मीच, आणि फेल्टनसर गुण लिहीत होते, कारण गुणफलकाचे दिवे मार्चमध्येच गेले. मध्यंतरापर्यंत गेलनसाहेब हाताची घडी घालून भिंतीला टेकून होते. मग बोर्डावरून उसळलेल्या एका चेंडूच्या झटापटीत मॅरिटला कोपर लागलं, मी मुद्दामच शिट्टी वाजवली नाही, आणि त्या भिंतीपाशी स्फोट झाला. "ओ कोच! झोपलात का? कॉलेज बंद झालंय, डोळे नाही!" सगळे हसले. मी हसलो. तेही हसले, आणि मग त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात थोरल्या एका गुणाने पुढे होत्या. चेंडू मॅरिटकडे, बास्केट समोर, अंगावर एकच मुलगी. तिने टाकला असता तर आत गेला असता. तिने तो बाहेर योसेलिनला दिला, कारण योसेलिन मोकळी होती. योसेलिनचा चेंडू कडेवर लागून बाहेर आला. एकोणपन्नास-पन्नास. हरल्या. योसेलिन तिथेच मटकन बसली. मॅरिट तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "पुन्हा दिला असता तरी तुलाच दिला असता." मग कुणीच कोर्टावरून हलेना. जिंकलेल्या हलेनात, हरलेल्या हलेनात. बर्नाडीनबाई कोर्टावरच ताटं घेऊन आल्या. (बूट न काढता कोर्टावर आलेल्या माणसाला सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.)

शर्ट मुली घरी घेऊन गेल्या. तुझ्या पद्धतीने दहापैकी गुण द्यायचे तर भरतीला नऊ, आणि ती जमवणाऱ्याला किती ते तूच दे. लाल शाई तुझ्याकडे आहेच.

तुझ्या कुत्र्याला आणि शेजारच्या मिल्ड्रेडबाईंना माझी आठवण सांग. खुब्याला जप.

तुझा धाकटा,
वेंडेल

ता. क. इमानीची, जुळ्यांची आणि योसेलिनची सोय झाली. तीन दिवस फोन करून कान लाल झालेत, पण झाली. मॅरिटची नाही. ती मला तिच्यासाठी कुणालाच फोन करू देत नाही. तुझ्या संघात एक जागा रिकामी आहे. तुमच्या कॉलेजच्या पानावरची नावं मी दोनदा मोजली. तिला घे, ताई. एवढंच मागायला हे सगळं लिहिलं.

ता. क. २. तुझी सहायक कोच निवृत्त होतेय आणि वेंडेल तिथे टपून बसलाय, अशी बातमी तुझ्या कानावर येईल. खोटी आहे. (मीच पसरवली होती, गुरुवारी संध्याकाळी, घाबरून.) मला इथल्या हायस्कुलात मुलांना गाडी चालवायला शिकवण्याचं काम मिळालंय. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणतात.

ता. क. ३. मॅरिट म्हणते, ज्यांना नाही म्हटलं त्यांच्याकडे आता कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून तूच फोन कर. सातनंतर कर, त्याआधी ती डुकरांना खायला घालत असते. आणि ती बोलायला कचरली तर समजून घे, कारण नोव्हेंबरमध्ये तिच्या सहीने तुला आलेलं नकाराचं पत्र तिने लिहिलं नव्हतं. तिच्याच स्वयंपाकघरात बसून मी सांगत गेलो आणि ती उतरवत गेली. 'मला हसऱ्या माणसाच्या हाताखाली खेळायचं आहे' हे वाक्य तुला किती लागलं असेल, ते मला लिहवून घेतानाच ठाऊक होतं. मुलीने तिथे पेन थांबवलं होतं. हे लिहायलाच हवं का, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, हवं. ती स्वतः फारशी हसत नाही, ताई. तुमचं छान जमेल.