स्टँडवरचं घड्याळ

निलंगा, जि. लातूर
३ एप्रिल १९८३

प्रिय सिंधु,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतात आणि तोंड चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम. जिल्हा नवा झाला, पाणी जुन्याच जिल्ह्यात राहिलं, असं लोक म्हणतात. टँकर एक दिवसाआड येतो. तू पत्त्यावर उस्मानाबाद लिहू नकोस आता, पत्रं उगाच फिरून येतात.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बरंच डोक्यावरून गेलं. मेलेला तारा गरगर फिरतो, प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका पाठवतो आणि तुम्ही उटीच्या डोंगरावर बसून तो वेळेवर आला का ते बघता. म्हणजे मी स्टँडवर एस.टी.च्या गाड्या बघतो तसंच. इथवर ठीक. पण परदेशातल्या दुर्बिणीला सापडलेली ती ताऱ्यांची जोडी फिरता फिरता जवळ सरकते, आणि किती सरकली यावरून गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची परीक्षा होते, हे कसं? सिद्धांत नापास झाला तर तांब्या वर पडणार का? आईला विचारलं. ती म्हणाली, "तिला म्हणाव, वरचं पाणी खाली कवा पडतंय ते बघ आदी."

पत्राच्या शेवटी तू एक विचारलं आहेस. त्याच्याकडे येतोच.

आधी रेवणप्पाचं ऐक. तो उदगीरची गाडी आणतो. गेला आठवडाभर सगळ्याच गाड्या उशिरा, माझं डोकं फिरलेलं. परवा त्याला झापलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "साहेब, गाडी येळेवरच हाय. तुमची भिंत लई घाईत हाय." संध्याकाळी बातम्यांच्या वेळी रेडिओशी ताडून पाहिलं. स्टँडचं घड्याळ चांगलंच पुढे होतं.

मग तुझी ओळ आठवली. ठोका चुकला तर ताऱ्याला दोष देण्याआधी आपलं घड्याळ बघायचं, आपली पृथ्वी किती हलली ते वजा करायचं. सिंधु, मी मनात धरून बसलो होतो की तू लांब चाललीस. पण फिरून का होईना, तुझी पत्रं येतात. उत्तर मीच टाळतो.

तर तुझा प्रश्न. अजून दोन वर्षं तिथे राहू का, तुमचं मत कळवा. मला मतच सापडत नाही. 'ये' लिहायची लाज वाटते, 'राहा' लिहून दोनदा खोडलं. त्यात मी आईला आणि अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय की तू मेमध्ये कायमची परत येतेस. का सांगितलं, मलाच ठाऊक नाही. सून येणार म्हणून आई तेव्हापासून तुझी गादी उन्हात टाकते.

ताऱ्यांचं मला अजूनही नीट कळलेलं नाही. पण एकच सरकतो का, असं मी मागे विचारलं होतं, तेव्हा तू लिहिलंस, दोघंही. मग तू राहा. मी रजेचा अर्ज दिला आहे. मेमध्ये आईला घेऊन मीच तिकडे येतो. तिला अजून बोललेलो नाही. तिकडे नळाला रोज पाणी येतं, एवढं एका कार्डावर लिहून पाठव, म्हणजे ती माझ्याआधी गाडीत बसेल.

तुझाच,
घड्याळ मागे करून बसलेला
श्रीमंत